रोहण्याच्या छपरीत जुळणारी चेतक

छपरीत स्वच्छ बारदाना अंथरा आणि मांडी घालून बसा. तुम्ही रोहण्यात आहात, वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात. घराची दुरुस्ती निघाली आहे. अर्ध्या छपरावरची कवेलू उतरवून अंगणात रचली आहेत, भिंतीच्या ओल्या गिलाव्याचा वास सुटला आहे. कोठा रिकामा करताना कुटाराच्या ढिगामागून आजोबांची १९७४ सालची बजाज चेतक बाहेर आली. तिचं इंजिन जाम होतं, फूटबोर्डची गंजानं चाळण झाली होती, सीट उंदरांनी पोखरली होती. तुम्ही ती नट-बोल्टपर्यंत खोलली. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुतला, पुसला, वेगवेगळ्या डब्यांत ठेवला आणि डब्यांवर नावं लिहिली. सिलिंडर बोअरिंगला वर्ध्याला गेला आहे. पत्रा रंगून परत आला आहे. आता जोडायला बसायचं.

जोडणी आतून बाहेर होते. आधी क्रँक आणि गियर, मग सांगाडा, मग फोर्क, चाकं, वायरी, सिलिंडर, आणि अगदी शेवटी सीट. या स्कूटरचा इतिहासही त्याच क्रमानं घडला. तिच्यात जे सगळ्यात आत आहे, ते सगळ्यात जुनं. म्हणून घाई नको. जो भाग हातात घ्याल, त्याच्या वर्षात थोडं थांबा.

१९४६ : क्रँक

इंजिनचा केस दोन भागांचा आहे. एक भाग शेगडीवर गरम करा. त्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो चर्र झाला, की पुरे. ॲल्युमिनियम तापून किंचित फैलावलं आहे. बेअरिंग त्याच्या जागेवर धरा. हातोडीचा एकही ठोका न देता ते आपोआप आत बसेल. ठोकून बसवलेलं बेअरिंग लवकर आवाज करतं. नवं ऑइल सील लावा, त्याच्या ओठाला तेल द्या आणि क्रँक आत उतरवा.

आता मान वर करा. छपराच्या जागी बॉम्बनं फुटलेल्या कारखान्याचं लोखंड दिसतं आहे. तुम्ही इटलीतल्या पोन्तेदेरा गावात आहात, पियाज्योच्या कारखान्यात. इथं विमानं बनत होती. युद्ध संपलं, विमानांचं काम थांबलं, रस्ते उखडले आहेत, आणि लोकांना कामावर जायला स्वस्त वाहन हवं आहे. एन्रिको पियाज्योनं हे काम कोर्राडिनो दास्कानियो या अभियंत्याकडे दिलं आहे. दास्कानियोचं मन हेलिकॉप्टरमध्ये. मोटारसायकल त्याला आवडत नाही : साखळीचं तेल कपड्यांना लागतं, टायर बदलणं जिकिरीचं, बसायला टांग टाकावी लागते. म्हणून तो साखळीच काढून टाकतो आणि इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडतो. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरतो, म्हणजे ते झटकन काढता येईल. पायांपुढे पत्र्याची ढाल उभी करतो. २३ एप्रिल १९४६ ला फ्लॉरेन्समध्ये या रचनेच्या पेटंटचा अर्ज दाखल होतो. वाहनाचं नाव व्हेस्पा.

त्या आराखड्याकडे रोहण्याच्या नजरेनं पाहा. धोतर नेसलेला माणूस आणि नऊवारीतली बाई, दोघांनाही टांग न टाकता बसता येईल असं हे वाहन आहे. तुटक्या रस्त्यांच्या, तंगीतल्या गावासाठी ते आखलं गेलं. तसं गाव फक्त इटलीतच नव्हतं.

आणखी एक तारीख याच सुमाराची आहे. पेटंटच्या पाच महिने आधी, २९ नोव्हेंबर १९४५ ला, आपल्याकडे बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. हे बच्छराज म्हणजे वर्ध्याचे शेठ बच्छराज. त्यांनी राजस्थानातल्या सीकरकडचा एक लहान मुलगा दत्तक नातू म्हणून वर्ध्याला आणला. तोच पुढे जमनालाल बजाज झाला, गांधीजींना वर्ध्यात घेऊन आला. बच्छराजांच्या पेढीचा मोठा व्यवहार कापसाचा. जमनालालजी १९४२ मध्ये वर्ध्यात वारले. त्यांचे चिरंजीव कमलनयन यांच्या काळात कंपनी उभी राहिली, आणि १९४८ पासून ती दुचाक्या आणि तीनचाक्या बाहेरून आणून विकू लागली. पुढे तिचंच नाव बजाज ऑटो झालं. तुमच्या मांडीवरच्या केसमध्ये पोन्तेदेरा आणि वर्धा एकत्र आहेत.

आता गियर. मुख्य दांड्यावर चार गियर एकावर एक बसतात. त्यांच्या पोटातून अधिकाच्या खुणेसारखा एक छोटा तुकडा सरकतो आणि ज्या गियरमध्ये अडकेल तो गियर चालतो. त्याच्या कडा झिजल्या असतील तर गियर मध्येच सुटतो, म्हणून तो तुकडा नवा घ्या. क्रँकच्या पात्याकडेही लक्ष द्या. ते फिरताना पेट्रोल आत येण्याची वाट उघडतं आणि बंद करतं. वेगळी झडप या इंजिनात नाही. त्या पात्यासमोरच्या जागेवर ओरखडा नको. केसच्या कडेला पॅकिंग ठेवा, दुसरा भाग मिटवा आणि ११ च्या पान्यानं समोरासमोरचे नट थोडेथोडे आवळा.

१९६१ ते १९७२ : पत्रा

सांगाडा दोघांनी उचलून स्टुलांवर ठेवा. या स्कूटरला नळ्यांची चौकट नाही. वाकवलेला, जोडलेला पत्राच सगळा भार घेतो. त्यामुळे फूटबोर्डचा गंज म्हणजे कण्याचा गंज. तुम्ही तो भाग कापून नवा पत्रा गॅसनं जोडून घेतला आहे. रंगाखालच्या त्या जोडावरून बोट फिरवा.

तुम्ही आता पुण्याजवळच्या आकुर्डीत आहात. स्कूटर बनवायचा परवाना सरकारनं कंपनीला १९५९ मध्ये दिला. पुढच्या वर्षी पियाज्योशी करार झाला, आणि १९६१ पासून व्हेस्पा इथं बनू लागली. आधी बरेच भाग बाहेरून येत, मग एकेक करत इथंच होऊ लागले. प्रेसखाली सपाट पत्रा जातो आणि मडगार्ड होऊन बाहेर पडतो. शेजारी कामगारांची वसाहत आहे, आणि कमलनयन यांचे चिरंजीव राहुल बजाज कुटुंबासह कारखान्याच्या आवारातच राहतात. १९६८ मध्ये कंपनीची सूत्रं त्यांच्या हाती येतात. १९७१ मध्ये पियाज्योबरोबरचा करार संपतो आणि त्याचं नूतनीकरण होत नाही. इथून पुढे स्कूटर स्वतःच्या नावानं बनवायची. १९७२ मध्ये चेतक येते. राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव तिला दिलेलं असतं.

या दहा वर्षांत इथल्या हातांनी व्हेस्पाचा प्रत्येक भाग आपलासा केला. चेतक इतकी टिकली याचं मूळ इथं आहे. तिचे भाग इथं बनत, गावोगावच्या दुकानांत मिळत, आणि ते बसवायला शिकलेली माणसं तालुक्याच्या प्रत्येक गावात तयार होत गेली.

१९७४ : फोर्क, चाकं, वायरी

फोर्कच्या वाटीत ग्रीस भरा आणि एकेक छर्रा त्यात चिकटवा. ग्रीसनंच ते धरून राहतात. फोर्क खालून वर घाला, वरचा नट आवळा, मग चतकोर फेरा सैल करा. हँडल आपल्या वजनानं दोन्हीकडे वळलं पाहिजे आणि खडखड मात्र नको.

आता आजोबांच्या मागच्या सीटवर बसा. ते तुमच्यापेक्षा लहान आहेत आणि तुम्हाला ओळखत नाहीत. सकाळी शाळेत गुरुजी, दुपारनंतर कपाशीच्या शेतात. स्कूटर आजच वर्ध्याहून आणली आहे. स्कूटरसाठी अनामत भरून, नाव नोंदवून त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवतो आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे आहे. पुढे ही वाट दहा-दहा वर्षांपर्यंत लांबेल. ज्याला आज स्कूटर मिळाली, त्याला ती उद्या विकली तर दिल्यापेक्षा जास्त पैसे मिळतात. आजोबांना विकायची नाही.

पैसे कापसाचे आहेत. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आहे. कापूस सरकारलाच घालायचा आणि चुकारे हप्त्यांनी यायचे. एकेक चुकारा बाजूला ठेवत ही रक्कम जमली. कापसाच्या पेढीवर मोठं झालेलं वर्ध्याचं एक घराणं स्कूटर बनवतं, आणि रोहण्याचा एक शेतकरी ती कापसाच्या पैशानं घेतो. या वर्तुळाकडे गावात कोणी बोट दाखवत नाही, पण ते पूर्ण झालेलं आहे.

गावाकडच्या वाटेवर पुलगाव मागे पडतं. १९१७ पासून पुलगाव ते आर्वी धावणारी नॅरोगेज गाडी याच मुलखातून जाते. रस्त्यानं बंड्या चालल्या आहेत. बैल स्कूटरच्या आवाजाला बुजतात, आजोबा वेग कमी करतात. फूटबोर्डवर एच-४ या संकरित कपाशीच्या बियाण्याची थैली आहे. चार वर्षांपूर्वी निघालेलं हे वाण आता इथंही पेरलं जातं. मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला आहे आणि गावाकडे वळणारा रस्ता काळ्या मातीचा. दहा इंची चाकांना ती माती धरते, मडगार्डच्या आत भरते, आणि चाक फिरेनासं होतं. आजोबा उतरतात, चपला हातात घेतात. शेतातून एक माणूस येतो, ओळखीचा असावा.

"गुरुजी, रेस नोका देऊ जी. काडीनं चिखल काढा आन् ढकलत न्या. बैलाले चालते ते हिले नाही चालत."

"नवी हाय ना, मले अंदाज नाही आला."

"येईन अंदाज. गाडीले आपल्या मातीची सवय होऊ द्या."

दोघं मिळून काडीनं चिखल काढतात. तुम्हीही उतरा, हात लावा.

परत छपरीत. चाकांच्या रिमचे दोन भाग ट्यूबभोवती मिटवून नट आवळा. पुढचं, मागचं आणि स्टेपनीचं, तिन्ही चाकं सारखीच. पंक्चर झालं की दुकान शोधायची गरज नाही. पाना असेल तो कुठंही चाक बदलू शकतो. दास्कानियोचा तो विचार रोहण्याच्या शिवारात खरा उतरला.

मग वायरी. गियरच्या दोन, क्लचची, ॲक्सिलरेटरची. या सगळ्या हँडलमधून निघून सांगाड्याच्या पोटातून मागं इंजिनपर्यंत जातात, आणि त्या पोटात हात जात नाही. म्हणून खोलताना तुम्ही जुनी वायर ओढण्याआधी तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधली होती. वायर बाहेर आली, दोरी आत राहिली. आता तिच्या टोकाला नवी वायर बांधा आणि दुसरीकडून हळू ओढा. अडली तर जोर नको; थोडी मागं घ्या, वळवा, पुन्हा ओढा. जुन्यानं जाताना नव्यासाठी वाट ठेवली की हे काम सोपं होतं. पुढेही हे लक्षात असू द्या.

१९८२ : पिस्टन

बोअरिंगहून आलेला सिलिंडर पिशवीतून काढा. सोबत नवा पिस्टन आहे. पण आधी जुना हातात घ्या. त्याच्या डोक्यावरचा काळा थर खरवडला तेव्हा ५० असा आकडा निघाला. म्हणजे हा पिस्टन मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा. सिलिंडर झिजतो, मग तो किंचित मोठा करून घ्यायचा आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. तुमच्याआधी हे इंजिन कोणीतरी खोललं होतं, नीट जोडलं होतं, आणि ते पुढे कित्येक वर्षं चाललं.

ते कधी झालं असेल ते पाहायला १५ नोव्हेंबर १९८२ या दिवशी या. दिवाळी आहे, पण आजोबा सणाच्या कपड्यांत नाहीत. पवनारच्या आश्रमात विनोबा भावे यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडल्याला काही दिवस झाले. आज ते गेले. १९३८ मध्ये विनोबा धाम नदीकाठी राहायला आले, ते जमनालालजींच्या बंगल्यात. त्या आश्रमाकडे आज सगळ्या वाटांनी माणसं निघाली आहेत. आजोबा आणि शाळेतले एक सहकारी चेतकवर निघतात. वाटेत बाटलीतलं पेट्रोल घेतात आणि घाईत त्यात ऑइल टाकायचं राहतं.

या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच क्रँकला, बेअरिंगला, पिस्टनला मिळतं. एका लिटरला २० मिलिलिटर. ते नसेल तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. चढावर आवाज बदलतो, मागचं चाक एकदम अडतं, आजोबा क्लच दाबतात आणि गाडी कडेला थांबते. पुढची वाट ते बसनं जातात. दुसऱ्या दिवशी स्कूटर बंडीत घालून आर्वीला मिस्त्रीकडे.

मिस्त्रीच्या शेजारी बसा. तो सिलिंडर उपसतो, ओरखडे अंगठ्यानं तपासतो. पॅकिंग हाताशी नाही म्हणून एका जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद केसवर ठेवून हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं ठोकतो. कागद बरोबर आकारात कापला जातो. बोअरिंगहून सिलिंडर येतो, ५० चा पिस्टन बसतो.

"गुरुजी, पयले पाचशे किलोमीटर हळू चालवजा. आन् ऑइल टाकल्याबिगर पेट्रोल नाही टाकाचं, बस."

तो कागद तुम्हाला खोलताना सापडला आहे. तेलानं पिवळा झालेला, त्यावर अजून गणपतीचं अर्धं चित्र. फेकू नका.

आता तुमचा पिस्टन. त्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला ठेवा. पिस्टनच्या खाचेत एक बारीक खिळी आहे; रिंगची दोन्ही टोकं त्या खिळीच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. ती सरकली तर रिंग सिलिंडरच्या खिडकीत अडकून तुटते. तेल लावा, रिंग बोटांनी दाबा, सिलिंडर सरकवा. हेड ठेवा, नट समोरासमोरचे आवळा. मॅग्नेटची चावी बसवा, पॉइंटमधलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर ठेवा. मग इंजिन सांगाड्याला लावा.

१९८९ : सीट

नव्या रेक्झिनची सीट बसवा. दोन नट, एवढंच काम. पण वर्ष दाटीचं आहे. दूरदर्शनवर हमारा बजाजची जाहिरात लागते आहे आणि गावात ती सगळ्यांना पाठ आहे. या सीटवर आजोबा, मागे आजी एका बाजूला पाय घेऊन बसलेल्या, मांडीवर आत्या, आणि पुढे फूटबोर्डवर हँडल धरून तुमचे बाबा उभे. आर्वीचा बाजार, पुलगावचा दवाखाना, सरकीची ढेप, लग्नाचं आमंत्रण, बाळंतीण, परीक्षेचा फॉर्म, सगळं या एका सीटवरून गेलं. गावात ज्याच्याकडे स्कूटर, त्याच्या दारावर रात्री-अपरात्री थाप पडणारच. आजोबांनी कधी नाही म्हटलं नाही. दारात उभी असली, तरी चेतक सगळ्या गल्लीची होती.

आज : पेट्रोल

डिसेंबर २००९ मध्ये कंपनीनं स्कूटर बनवणं थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. गियर नसलेल्या नव्या गाड्या आल्या होत्या, मोटारसायकली गावोगावी पोचल्या होत्या. आजोबांचं वय झालं, चेतक कोठ्यात गेली. २०२० मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर परत आलं. राहुल बजाज १२ फेब्रुवारी २०२२ रोजी गेले. आणि केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली खासगी दुचाकी आता व्हिंटेज वाहनांत मोडते. तुमची गाडी त्या वयाची झाली आहे.

एक लिटर पेट्रोल मोजा, त्यात २० मिलिलिटर ऑइल घाला, हलवा, टाकीत ओता. कॉक उघडा. चोक ओढा. गाडी डावीकडे कलवा, जशी आजोबा रोज सकाळी कलवत. किक मारा. पुन्हा मारा. चालू झाली नाही तर प्लग काढून ठिणगी पाहा, पेट्रोल येतं का पाहा. दोनच गोष्टी तपासायच्या आहेत, आणि दोन्ही तुमच्या हातात आहेत. पुन्हा किक मारा. छपरीत निळा धूर पसरतो, गिलावा करणारे गवंडी काम सोडून येतात, शेजारचे काका भिंतीवरून डोकावतात.

पहिली चक्कर हळू मारा आणि परत आल्यावर आणखी एक काम करा. एका जाड कागदावर लिहा : पिस्टन ७५ चा, बेअरिंग आणि सील कोणत्या मापाचे, कोणत्या महिन्यात बदलले, गियरचा कोणता तुकडा नवा, फूटबोर्डला जोड कुठं आहे, वायरी ओवायला दोरी कशी वापरली. लग्नपत्रिकेचं ते जुनं पॅकिंगही त्यासोबत ठेवा. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून डिक्कीत चिकटवा. आर्वीच्या मिस्त्रीनं नीट काम केलं म्हणून तुम्हाला हे इंजिन पुन्हा उघडता आलं. चाळीस वर्षांनी जो कोणी ही चेतक खोलेल, त्याला तुमच्या कामातून पुढची वाट मिळाली पाहिजे. वस्तू जपणं म्हणजे तिला काचेत ठेवणं नव्हे. ती चालवायची, झिजू द्यायची, खोलायची, पुन्हा जोडायची, आणि ते कसं केलं हे पुढच्या माणसाला सांगून ठेवायचं.